जुनी दुर्बीण स्वस्तात मिळतेय, घेऊ का?

या महिन्यात आलेल्या पत्रांत दुर्बिणीचे प्रश्न इतके आहेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. थंडी सुरू झाली की पाणथळ जागांवर पाहुणे पक्षी यायला लागतात, आकाश स्वच्छ होतं आणि घराघरात कुणालातरी दुर्बीण हवीशी वाटते, नवीन चांगली घ्यायची तर पैसे लागतात म्हणून मग जुनीकडे नजर जाते. चार पत्रं निवडलीत, त्यातल्या पहिल्याचं उत्तर मुद्दाम सविस्तर देतोय कारण बाकीच्यांनाही तेच लागणार आहे.

प्रश्न : मी गोडोलीत राहतो, वय ५४. रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर फिरायला जातो आणि गेल्या वर्षापासून पक्षी बघायचा नाद लागलाय. ओळखीतल्या एकांकडे जुनी रशियन दुर्बीण आहे, वर ८×३० लिहिलंय, चामड्याची पेटीपण आहे, १५०० रुपये म्हणतायत. मुलगा म्हणतो तेवढ्यात नवीन २०×५० घरपोच येतेय, वॉरंटीसकट, जुनं कशाला घेताय. मला चष्मा आहे. घ्यावी का, आणि घ्यायची तर नक्की काय तपासायचं? – एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : दादा, मी तुमच्या जागी असतो तर आधी जुनीच बघायला गेलो असतो आणि तपासणीत पास झाली तर तीच घेतली असती. ती नवीन २०×५० मात्र फुकट मिळाली तरी सकाळच्या पक्ष्यांसाठी नको. मुलाला का नको ते नीट समजावून सांगा, कारण त्याचं काही चुकत नाहीये, आकडा मोठा म्हणजे वस्तू भारी असं आपल्याला सगळीकडे शिकवलेलंच असतं.

पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसणार आणि दुसरा म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आता वीस पट जवळ दिसतं तेव्हा हाताची थरथरसुद्धा वीस पट दिसते हे कुणी सांगत नाही. हातात धरून आठ पट सहज, दहा पट जरा सवयीने, त्याच्या पुढे स्टँड लागतो. आणि चढ चढून दम लागलेला असताना फांदीवरच्या बुलबुलावर वीस पटाची दुर्बीण स्थिर धरणं शक्यच नाही. दुसरं म्हणजे दृश्य किती रुंद दिसतं. जुन्या ८×३० मध्ये बहुतेक साडेआठ अंशाचं क्षेत्र असतं, म्हणजे एक किलोमीटरवरचा साधारण १५० मीटर रुंद पट्टा एकदम दिसतो, स्वस्त २०×५० मध्ये तोच पट्टा ५०-५५ मीटरचा होतो. झाडात हललेलं पाखरू शोधायला हा फरक फार मोठा आहे, अरुंद दुर्बिणीत तुम्ही पानंच शोधत बसता आणि तेवढ्यात ते उडून जातं.

तिसरी गोष्ट उजेडाची. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा, जे येईल तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात जातो. ३० भागिले ८ म्हणजे पावणेचार, ५० भागिले २० म्हणजे अडीच. भर उन्हात आपली बाहुली स्वतःच दोन-तीन मिलिमीटर असते तेव्हा दोन्ही चालतात, पण तुम्ही जाता पहाटे, तेव्हा बाहुली मोठी झालेली असते आणि पावणेचारवाली अडीचवालीपेक्षा सव्वादोन पट उजळ दिसते, काचेचा दर्जा सारखा धरला तरी. तो सारखा नसतोच, ते वेगळं.

आता जुनी चालेल का हा खरा प्रश्न. आतल्या काचेच्या लोलकांची म्हणजे प्रिझमची जी रचना तुमच्या त्या रशियन दुर्बिणीत आहे तिचं पेटंट पोरो नावाच्या इटालियन माणसाने १८५४ मध्ये घेतलं आणि झाइस या जर्मन कंपनीने ती वापरून १८९४ मध्ये दुर्बिणी बाजारात आणल्या. पुढची मोठी भिंगं एकमेकांपासून लांब, डोळ्याकडची बाजू आत वळलेली, तो जो ओळखीचा आकार आहे ना तोच. यातली मूळ गोष्ट तेव्हापासून फारशी बदललेली नाही. काच झिजत नाही, त्यात मोटर नाही, बॅटरी नाही, सर्किट नाही. त्यामुळे चाळीस वर्षांची दुर्बीण नीट ठेवली असेल तर आजही तितकंच दाखवते जितकं पहिल्या दिवशी दाखवायची, आणि त्या काळी कझान आणि झागोर्स्कच्या कारखान्यांतून आलेला माल दणकट असायचा. रंग थोडा पिवळट दिसतो, तो त्यांच्या काचेचा आणि तिच्यावरच्या पातळ थराचा म्हणजे कोटिंगचा स्वभाव आहे, बिघाड नाही. सिरियल नंबरचे पहिले दोन आकडे बघा, बहुतेक वेळा ते बनवल्याचं साल असतं.

बिघडतं ते काय? पडली की प्रिझम जागचे हलतात, दमट जागेत ठेवली की आत बुरशी येते, चाकातलं ग्रीस वाळून घट्ट होतं किंवा उडून काचेवर धुरकट थर बसतो, आणि कुणीतरी शर्टाच्या टोकाने घासघासून कोटिंग खरवडलेलं असतं. एवढंच तपासायचंय, पण ज्या क्रमाने सांगतो त्याच क्रमाने करा कारण पहिलीच गोष्ट नापास झाली तर पुढचं बघायची गरजच नाही.

दिवसा उजेडी बघायला जा, संध्याकाळी लाइट लावून नाही. शक्य असेल तर गच्चीवर घेऊन चला म्हणा, गोडोलीतून अजिंक्यताऱ्यावरचा दूरदर्शनचा टॉवर दिसतोच, त्यापेक्षा चांगलं निशाण मिळणार नाही. आधी दोन्ही नळ्या उघडमीट करून तुमच्या डोळ्यांच्या अंतराला जुळवा, दोन वर्तुळांचं एक वर्तुळ दिसलं पाहिजे. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला टॉवर स्पष्ट करा. त्यानंतर डावा मिटा, चाकाला हात न लावता उजव्या आयपीसवरची म्हणजे डोळा लावायच्या भिंगावरची रिंग फिरवून उजव्याला स्पष्ट करा. ही रिंग तुमच्या दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक भरून काढण्यासाठी असते आणि ती न लावता दुर्बीण वाईट आहे म्हणून परत ठेवणारे खूप लोक बघितलेत. आता दोन्ही डोळे उघडे ठेवून दोन-तीन मिनिटं शांतपणे बघत राहा, घाई करू नका, विकणारा बोलत असेल तर बोलू द्या.

डोळ्यांना ओढ लागतेय असं वाटलं, कपाळात ताण आला, दुर्बीण काढल्यावर क्षणभर समोरचं दुहेरी दिसलं, की समजा दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. पक्की खात्री करायची तर टॉवरचा एखादा आडवा बार किंवा समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीची आडवी कड धरा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून एक वीत लांब न्या, समोर दोन वेगळी छोटी वर्तुळं दिसायला लागतील, त्या दोन्हींत ती आडवी रेघ एकाच उंचीवर पाहिजे. एकीत वर आणि दुसरीत खाली असेल तर तिथेच नमस्कार करून परत या. आडव्या दिशेचा थोडा फरक डोळे सांभाळून घेतात, वर-खालचा फरक अजिबात सांभाळत नाहीत. दोन बैल दोन दिशांना ओढत असतील तर औत कितीही चांगलं असून काय उपयोग, तसं हे आहे. आणि अशी दुर्बीण ५०० ला दिली, ३०० ला दिली तरी घेऊ नका, कारण अलाइनमेंट नीट करणारा कारागीर आपल्याकडे सहज सापडत नाही आणि सापडला तरी त्याची मजुरी वस्तूच्या किमतीवर जाते. चष्म्याच्या दुकानात हे काम होत नाही, तिथे फार तर बाहेरून काच पुसून मिळते.

ही परीक्षा पास झाली की बुरशी. मोबाइलचा टॉर्च लावा आणि मोठ्या भिंगातून आत तिरका मारून बघा, मग उलट करून छोट्या बाजूनेपण. धुळीचे चार कण दिसले तर काही बिघडत नाही, चित्रात ते कधीच दिसत नाहीत. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फांद्या फुटलेले धागे दिसले, कडेकडून आत सरकणारे, तर ती बुरशी. आपल्याकडे हा रोग फार, महाबळेश्वर-कोयनेच्या पट्ट्यात तर जून ते सप्टेंबर हवा सतत ओली असते आणि चामड्याची पेटी त्यातली ओल धरून ठेवते, त्यामुळे पेटी आहे म्हणून वस्तू जपलेली आहे असं समजू नका, पेटीचा वास घेऊन बघा, कुबट आला तर आत जास्त लक्ष द्या. कडेला थोडासा ठिपका असेल आणि किंमत कमी करत असतील तर मी घेईन, भिंगाच्या मध्यापर्यंत जाळं आलं असेल तर नाही. बुरशी काचेवर नुसती बसत नाही, ती कोटिंग आणि पुढे काचसुद्धा खाते, मग पुसली तरी तिचा नकाशा राहतो.

कोटिंग बघायला भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. निळसर, जांभळट किंवा हिरवट दिसलं तर कोटिंग आहे. पांढरंशुभ्र दिसलं तर नाही. याचं महत्त्व असं की साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर जवळजवळ ४ टक्के उजेड परत फिरतो आणि अशा दुर्बिणीत एका बाजूला दहाएक पृष्ठभाग असतात, म्हणजे कोटिंग नसेल तर एक तृतीयांश उजेड वाटेतच जातो आणि तोच आत इकडेतिकडे फिरून चित्र धुरकट करतो. झाइसमध्ये स्माकुला यांनी १९३५ मध्ये हे कोटिंग शोधलं आणि महायुद्धानंतर ते सगळीकडे आलं, त्यामुळे तुमच्या दुर्बिणीला ते असायलाच पाहिजे. आणि लालभडक आरशासारखी भिंगं दिसली तर लांब राहा, ती बघायला आकर्षक असतात पण लाल उजेड परत फेकून देतात आणि सगळं हिरवट-निळसर दिसतं, शिंजीराचा रंग ओळखायला बसाल तर फसाल.

मग दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. डोळ्याकडच्या भिंगात छोटं चकचकीत वर्तुळ दिसेल. ते पूर्ण गोल हवं. कडेला राखाडी सावली येऊन चौकोनी वाटत असेल तर प्रिझमची काच हलक्या प्रतीची आहे, चालते पण भाव कमी करून मागायला कारण मिळतं. त्या वर्तुळावर पट्टी धरून मोजा, ८×३० ला पावणेचारच्या आसपास यायला हवं, तीनच्याही खाली आलं तर वर लिहिलेला आकडा खरा नाही. नवीन स्वस्त मालात हा प्रकार फार चालतो, बाहेर मोठं भिंग आणि आत एक अरुंद कडं बसवलेलं.

चाक फिरवून बघा, घट्ट चालेल, अडकत अडकत फिरलेलं नको. दोन्ही आयपीस जोडणारी पट्टी एका बाजूला दाबली की फोकस जातोय का बघा, जात असेल तर ती सैल झालीये आणि प्रत्येक वेळी त्रास देईल. मधली बिजागरी इतकी ढिली नको की गळ्यात अडकवल्यावर नळ्या आपोआप मिटतील.

चष्म्याचं राहिलं, आणि तुमच्या बाबतीत यावरच गाडी अडू शकते. जुन्या ८×३० मध्ये डोळा भिंगाच्या अगदी जवळ न्यावा लागतो, चष्मा घालून बघितलं तर कडा कापल्या जातात आणि दीडशे मीटरचा पट्टा निम्मा होतो. तुमचा नंबर साधा असेल, म्हणजे लांबचा किंवा जवळचा, तर चष्मा काढून बघा, फोकसचं चाक तो नंबर भरून काढतं. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर चाक ते करू शकत नाही. मग रबरी कप दुमडून चष्म्यासकट बघा आणि किती दिसतंय ते स्वतः ठरवा. पटलं नाही तर दुर्बीण उत्तम असूनही तुमच्यासाठी नाही, तेव्हा मन घट्ट करा.

हे सगळं पास झालं तर १५०० रुपये अगदी रास्त आहेत, घासाघीस करायचीच तर पट्ट्यावरून करा, जुना चामड्याचा पट्टा कुजलेला असतो आणि दुर्बिणी पडतात त्या बहुतेक तो तुटल्यामुळेच. नवीन रुंद पट्टा पहिल्या दिवशी लावून टाका.

प्रश्न : मी खटाव तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांना मायणी आणि येरळवाडीला पक्षी दाखवायला नेतो. गावातल्या लोकांनी ५००० रुपये जमवून दिलेत. एका ठिकाणी वापरलेल्या छोट्या दुर्बिणी दहा नग ४५०० ला मिळतायत. प्रत्येक दोन-तीन मुलांत एक येईल असा विचार आहे. घेऊ का? – एक शिक्षिका, खटाव

उत्तर : मॅडम, तुमच्या गावाने हे पैसे दिले हेच वाचून बरं वाटलं. पण दहा नग घेऊ नका असं कळकळीने सांगतो. साडेचारशेच्या वापरलेल्या छोट्या दुर्बिणीत बहुतेक वेळा प्रिझमच नसतात किंवा असले तर हललेले असतात. मूल त्यातून बघतं, त्याला काही नीट दिसत नाही, आणि त्याला वाटतं आपल्यालाच बघता येत नाही. लहान मुलं तक्रारसुद्धा करत नाहीत, बाई विचारतात दिसलं का, ती हो म्हणतात. हे फार वाईट आहे, एकदा तसं झालं की ते मूल पुढे दुर्बिणीला हात लावत नाही.

त्यापेक्षा त्याच पैशात दोन, जमलं तर तीन चांगल्या जुन्या घ्या, वरच्या पत्राला सांगितलेल्या सगळ्या तपासण्या करून, आणि पाळी लावा. येरळवाडीचं पाणी मोठं आहे, रोहित म्हणजे फ्लेमिंगो आले तरी काठापासून बरेच आत असतात आणि पट्टकदंबांचा थवा दचकला की आणखी लांब जातो, त्यामुळे एक १०×५० असू द्या, ती तुम्ही धरा किंवा काठावर एखाद्या काठीला टेकवून ठेवा म्हणजे मुलं नुसती येऊन डोळा लावतील. बाकीच्या ८×३० किंवा ७×३५, हलक्या बघून. कमी पटाची मुलांना जास्त सोपी जाते, पक्षी लवकर सापडतो आणि हलत नाही.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगणार नाही. मुलांचे डोळे जवळजवळ असतात आणि मोठ्या माणसांच्या बऱ्याच दुर्बिणी एका मर्यादेपलीकडे मिटत नाहीत, साधारण ५६ मिलिमीटरला थांबतात. तिसरी-चौथीच्या कितीतरी मुलांना त्यापेक्षा कमी लागतं. मग त्यांना एकाच डोळ्याने दिसतं, किंवा मधे काळा पट्टा दिसतो. म्हणून घ्यायला जाताना वर्गातलं एक लहान चणीचं मूल बरोबर न्या, नाहीतर दुर्बीण पूर्ण मिटवून दोन्ही आयपीसच्या मध्यबिंदूंमधलं अंतर पट्टीने मोजून घ्या, जितकं कमी तितकं बरं.

आधी वर्गात खिडकीतून एखादी पाटी वाचायला लावून सराव करून घ्या, पाण्यावर गेल्यावर शिकवत बसलात तर शेकाटे सोडून बाकी सगळं उडून जाईल. आणि पक्षी कसा पकडायचा ते हे एवढंच सांगा की डोळे पक्ष्यावरून हलवायचे नाहीत, नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांसमोर आणायची, खाली बघून दुर्बीण लावून मग शोधायला गेलं की हरवतंच.

सूर्याकडे बघायचं नाही हे दर वेळी, अगदी दर वेळी निघण्याआधी सांगा. येरळवाडीला सकाळी पूर्वेकडच्या काठाकडे तोंड करून मुलं उभी राहणार नाहीत अशी जागा तुम्हीच आधी ठरवून ठेवा. दुर्बिणीतून क्षणभर सूर्य डोळ्यात गेला तरी पडद्याला कायमची इजा होते, आणि ती होताना दुखत नाही म्हणून मुलाला कळतही नाही. यात तडजोड नको.

प्रश्न : आम्ही सांगलीत गावभागात राहतो. चुलते सैन्यात होते, त्यांची ७×५० दुर्बीण माळ्यावर सापडली. मधलं चाक नाही, दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं फिरवायला लागतं आणि आत बारीक आकडे-रेघा दिसतात. आतून थोडी धुरकट आहे. शेजारचे एक जण २००० ला मागतायत, द्यावी का? आणि मुलीला पक्ष्यांसाठी दुसरी घ्यायचीय, इथल्याच जुन्या बाजारात एक आहे, पण ती पुरातली असेल अशी शंका येते. – एक वाचक, सांगली

उत्तर : चुलत्यांची दुर्बीण देऊ नका दादा. पैशासाठी म्हणून सांगत नाही, वस्तूच तशी आहे. दोन डोळ्यांना वेगळं फोकस ही लष्करी आणि जहाजावरच्या दुर्बिणींची पद्धत, मधलं चाक नसल्यामुळे पाणी आणि धूळ आत शिरायला वाट कमी राहते. त्या रेघा लांबच्या वस्तूंमधलं कोनाचं अंतर मोजायला असतात. पक्ष्यांसाठी ती गैरसोयीची, कारण जवळच्या फांदीवरून लांबच्या झाडावर गेलात की दोन्ही बाजू परत फिरवायच्या. पण आकाशासाठी एकदा दोन्ही लावून ठेवली की परत हात लावायला नको, आणि ५० भागिले ७ म्हणजे सात मिलिमीटरचा झोत, अंधारात यापेक्षा उजळ दुर्बीण घरात येणार नाही.

धुरकट आहे म्हणून घरी स्क्रू काढून उघडू नका. कुणाला तरी यूट्यूब बघून जमलं असेल, पण प्रिझम केसभर हलला की ती दुर्बीण गेली. बाहेरची भिंगं आधी ब्लोअरने फुंकून, मग मऊ ब्रशने, मग चष्म्याच्या मऊ फडक्याने पुसा, याच क्रमाने, तोंडाने फुंकू नका कारण थुंकी उडते. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या भरपूर पुड्यांबरोबर महिनाभर ठेवा. ओल असेल तर धुरकटपणा कमी होईल. झाला नाही तर ते ग्रीस किंवा बुरशी आहे, आणि चित्र अजूनही पुरेसं दिसत असेल तर तशीच वापरा. निळे दाणे असतील तर गुलाबी झाले की ओल धरली असं समजायचं, मंद आचेवर गरम केले की परत निळे होतात, फक्त स्वयंपाकाची भांडी त्यासाठी वापरू नका.

आता बाजारातली. तुमची शंका अगदी बरोबर आहे, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी कुठल्या कुठल्या घरांत आणि दुकानांत शिरलं ते तुम्ही गावभागात राहून बघितलंच आहे, त्यातल्या कितीतरी वस्तू पुसून विकल्या गेल्या. पुराच्या पाण्यात नुसतं पाणी नसतं, बारीक गाळ असतो, आणि तो पुसून जात नाही. चाकाच्या आट्यांमध्ये आणि बिजागरीच्या फटीत टाचणी फिरवा, टोकाला तपकिरी माती आली तर ठेवून द्या. फिरवताना करकर वाळूचा आवाज येतो तोही त्यातलाच. स्क्रूच्या खाचा गंजलेल्या आणि वरचं रबर मात्र नवंकोरं वाटतंय तर रबर नंतर चिकटवलंय. आत मोठ्या भिंगाच्या मागच्या बाजूला पाण्याची वाळलेली रेघ दिसते कधी कधी, अर्धवट चंद्रासारखी, टॉर्चने बघा. यातलं काहीही दिसलं तर भाव विचारूच नका. मुलीला हरिपूरच्या संगमावर खंड्या आणि पाणकावळे बघायला एखादी साधी ७×३५ किंवा ८×४० पुरेल, थोडं थांबा, मिळते.

प्रश्न : मी कराडला कॉलेजला आहे, आकाशदर्शनाची आवड आहे. वापरलेली १०×५० ऑनलाइन दिसतेय, विकणारा पुण्याचा आहे, २२०० सांगतोय आणि कुरिअर करतो म्हणतो. त्यातून शनीची कडी दिसतील का? – एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : शनीची कडी नाही दिसणार गं, त्याला साधारण पंचवीस पट तरी लागतात आणि तेही स्थिर. शनी फार तर जरा लांबट ठिपका वाटेल. पण गुरूचे चार मोठे चंद्र भिंतीला टेकून बघितलेस तर दिसतील आणि रोज जागा बदललेले दिसतील. कृत्तिका दुर्बिणीत जितक्या सुंदर दिसतात तितक्या मोठ्या टेलिस्कोपमध्येही दिसत नाहीत कारण तिथे त्या एका नजरेत मावत नाहीत. मृगातला तेजोमेघ आणि देवयानी आकाशगंगापण दिसेल, पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड तो. कराडच्या दिव्यांतून नाही, पाटणच्या पुढे कुणी घरचं मोठं माणूस बरोबर असेल तेव्हा, अमावास्येच्या आसपास.

कुरिअरने मागवू नकोस. पुणं काही लांब नाही, कुणी जाणार असेल तर त्याच्या हाती तपासून आणव, किंवा विकणाऱ्याला स्पष्ट विचार की आठ दिवसांत परत घेशील का आणि आधी टॉर्च लावून भिंगाच्या आतला व्हिडिओ पाठव म्हणावं. यातलं एकही करायला तयार नसेल तर सोडून दे, १०×५० दुर्मिळ नाही.

आणि हातात आली की रात्री ही परीक्षा कर. एक ठळक तारा धर, डावी बाजू मधल्या चाकाने अगदी टाचणीच्या टोकाएवढी स्पष्ट कर, मग उजव्या आयपीसची रिंग मुद्दाम फिरवून उजवीकडचा तारा फुगवून मोठी चकती कर. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघ, तो टोकदार ठिपका चकतीच्या आत, मध्याच्या जवळपास बसला तर दुर्बीण सरळ आहे. चकतीच्या बाहेर वर किंवा खाली गेला तर त्याच दिवशी परतीचं पार्सल बांध.